गिरगावातल्या वाड्या: कोण राहिलं, कोण गेलं, कुणी विकलं?

ठाकूरद्वारकर (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर उकडीच्या मोदकांची चर्चा चालता चालता गिरगावात शिरली आणि कुणीतरी जाता जाता वाक्य टाकलं: "मराठी माणसानं गिरगाव विकलं आणि आता गळे काढतोय." तिथेच भांडत बसलो असतो तर मोदक राहिले असते बाजूला, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. आठवणी खुशाल लिहा, पण आधी थोडं जमिनीवरचं बोलू.

गिरगाव वाड्यांचं आहे, रस्त्यांचं नाही. पत्ता सांगताना आजही जगन्नाथ शंकरशेट मार्ग असं क्वचितच कुणी म्हणतं. फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, झावबावाडी, मुगभाट, बोरभाट असंच सांगतात. शहर कोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या तटबंदीच्या, आत होतं तोवर हा सगळा पट्टा बागायतीचा. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली, त्यानंतर वस्ती बाहेर सरकायला लागली आणि पुढच्या शंभरेक वर्षांत एकेका बागेच्या जागी चाळी उठल्या. झाडं गेली तरी मालकीच्या हद्दी तशाच राहिल्या. वाडीला तोंड एकच असतं आणि आत गेल्यावर ती अचानक रुंद होते, त्याचं कारण हेच असावं. शेजारच्या वाडीत जायचं तर बाहेर रस्त्यावर येऊन, वळसा घालूनच जायचं. मुलांच्या क्रिकेटच्या टीमसुद्धा म्हणूनच वाडीवार.

गुरं चरायची जागाही इथेच. सरकारनं चराईवर पट्टी बसवली तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी १८३८ मध्ये ठाकूरद्वारजवळ २०,००० रुपयांना जमीन घेऊन गुरांसाठी मोकळी करून दिली. चर्नी रोडच्या नावामागे हीच कथा सांगतात.

वाडीचं तोंड ही खास बघण्याची गोष्ट आहे. कमानीवर एखाद्या मंडळाचा फलक, डावीकडे इस्त्रीवाल्याचं टेबल, उजवीकडे पानाची टपरी किंवा दुधाचं केंद्र, आणि भिंतीवर काळा फळा. त्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं: कुणाची मुलगी सी.ए. झाली, पाणी उद्या उशिरा येणार, अमुक आजी गेल्या, अंत्ययात्रा दहा वाजता. आमच्या वाडीत व्हॉट्सअॅप ग्रुप आल्यावरही फळा लिहिणारे काका थांबले नाहीत. उलट फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची पद्धत पडली.

इथे राहायला कोण आलं? लालबाग-परळ गिरणीवाल्यांचं, तसं गिरगाव कारकुनांचं. कोकणातून, गोव्यातून, देशावरून आलेला, चार इयत्ता इंग्रजी शिकलेला माणूस फोर्टातल्या कचेरीत लागायचा आणि चालत जाता येईल अशा अंतरावर बिऱ्हाड करायचा. ट्रामचे पैसे वाचायचे. त्या माणसाला वाचायला लागायचं, नाटक लागायचं, वादाला माणसं लागायची. म्हणून एवढ्याशा भागात संस्थांची ही गर्दी. प्रार्थना समाज १८६७ चा, आर्य समाजाची स्थापना १८७५ मध्ये गिरगावातच झाली, आणि काकडवाडीत तो अजून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीनं मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा नाना शंकरशेटांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये गणपती बसला आणि १९०१ मध्ये टिळक तिथे येऊन गेले. १९१३ च्या मे महिन्यात फाळक्यांचा पहिला चित्रपट कोरोनेशनमध्ये लागला, १४ मार्च १९३१ ला पहिला बोलपट मॅजेस्टिकमध्ये. दोन्ही गिरगावातच. साहित्य संघ १९३५ चा, त्याचं नाट्यगृह केळेवाडीत १९६४ मध्ये उभं राहिलं.

हे सगळं टिकलं ते स्वस्त भाड्यावर. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडं १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. कारकुनाला शहरातल्या सोन्यासारख्या जागेत राहता आलं ते त्यामुळेच, आणि चाळी कुजल्या त्याही त्यामुळेच. म्हणून माझा प्रश्न असा: ज्याच्या हातात फक्त भाडेपावती होती, त्यानं विकलं म्हणजे नक्की काय विकलं?

---

चिवडाप्रेमी

जागा धरून ठेवतो. धागा पळणार हा.

---

रेवा_कांदेवाडी

लेख चांगला आहे, फळ्याचं तर अगदी तंतोतंत. पण गिरगावावर लिहिणारे नव्वद टक्के पुरुष असतात, आणि ते सगळे गॅलरीत उभे राहून लिहितात. मी मोरीतून लिहिते.

आमच्या मजल्यावर बारा बिऱ्हाडं आणि टोकाला तीन संडास, त्यातला एक कायम कुलूपबंद, कारण त्याची किल्ली 'आमची खासगी' म्हणून दोन घरांनी ठेवलेली. पाणी पहाटे चारला. आई साडेतीनला उठायची, पिंप भरायची, मग तांब्याची कळशी, मग सगळी पातेली. मोरी खोलीतच, अडीच फुटांची, समोर पडदा. मोठ्या झालेल्या मुलीनं तिथे आंघोळ करायची तर घरातल्या पुरुषांनी गॅलरीत जाऊन पेपर वाचायचा. तुम्हाला ज्या गॅलरीतल्या गप्पा आठवतात ना, त्यातल्या निम्म्या यामुळे व्हायच्या.

नवं लग्न झालेल्या दादाला पोटमाळा मिळाला. पोटमाळ्यावर उभं राहता येत नाही. वहिनी आमच्याकडे आली ती पुण्याच्या तीन खोल्यांच्या घरातून. चार वर्षांनी दोघं बोरिवलीला गेली तेव्हा वाडीतल्या सगळ्यांनी 'सुनेनं घर फोडलं' म्हटलं. तिला एक दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं.

त्यामुळे 'कोण गेलं' याचं माझं उत्तर: आधी सुना गेल्या, नवऱ्यांना घेऊन. पागडी, बिल्डर वगैरे सगळं त्यानंतर.

---

मुलुंडचा मामा

रेवाताई, कडक. आमच्याकडे ते संडासाच्या किल्लीचं प्रकरण कोर्टात जायचं बाकी होतं.

---

सारस्वत_सुरमई

मूळ लेखात एक मोठी गाळणी लागली आहे. गिरगाव म्हणजे मराठी कारकून हे अर्धंच चित्र. खोताच्या वाडीचं नाव कुठे आहे?

पाठारे प्रभू असलेल्या खोतांनी तिथले तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती, कुटुंबांना दिले आणि त्यांनी लाकडी जिने, पुढे पडवी, रंगवलेले कठडे अशी बंगलीवजा घरं बांधली. साठ-पासष्ट घरं होती असं नेहमी सांगितलं जातं, आज त्याच्या निम्मीही धड उभी नाहीत. ईस्ट इंडियन हे इथलेच, मराठीच बोलणारे. त्यांचं लग्न बघितलंय कुणी? उंबराचं पाणी, गाणी, सगळं आपल्या कोकणी-मराठी मुलखातलं, फक्त विधी चर्चमध्ये. पलीकडे प्रार्थना समाजाच्या नाक्यावर सेंट तेरेसा चर्च, फणसवाडीत व्यंकटेशाचं देऊळ, म्हणजे दक्षिणी घंटा आणि नादस्वरम. भुलेश्वरच्या बाजूनं गुजराती, मारवाडी. सगळे आधीपासूनचे. 'आपलं गिरगाव' म्हणताना आपण जरा जपून म्हणावं.

खोताच्या वाडीतलं अनंताश्रम आठवतं का? कळकट बाकं, आत शिरल्यावर कुणी 'या बसा' म्हणेल अशी अपेक्षाच नको, आणि तिसऱ्यांदा आमटी मागितलीत तर वाढप्या असा बघायचा की पाणी पिऊन उठावं. पण ती तळलेली सुरमई! वरून भात, तिखट आमटी आणि सोलकढी. बंद झालं तेव्हा माझ्या वडिलांनी घरात सुतक पाळल्यासारखं केलं होतं.

---

चिवडाप्रेमी

आला का विषय खाण्यावर? मग माझी यादी: विनय हेल्थ होममध्ये मिसळ, पणशीकरांकडे पियूष, आणि घरी जाताना मुगभाटातून बेडेकरांचं लोणचं. अनंताश्रमाच्या सुरमईशी माझा वाद नाही, पण 'कळकट' हा शब्द तुम्हीच वापरलात, पुढे मला दोष देऊ नका.

---

पागडीपुराण

ठाकूरद्वारकरांच्या प्रश्नाला हात घालतो. मी इस्टेट एजंटच्या घरात वाढलोय, त्यामुळे हा विषय आईच्या दुधाबरोबर आला.

पागडी म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून थोडक्यात. खोलीचा मालक एक, भाडेकरू दुसरा. पण भाडेकरूनं आत येताना मालकाला एकरकमी पैसे दिलेले असतात आणि महिन्याचं भाडं नाममात्र. जागा सोडायची वेळ आली की भाडेकरू स्वतः नवा माणूस आणतो, बाजारभावानं पैसे घेतो आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देतो. मालक नव्या नावानं पावती फाडतो. वर्षानुवर्षं हे सगळं बेकायदा होतं आणि सगळी गिरगाव-काळबादेवी त्यावरच चालायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये झाला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा पागडी पहिल्यांदा कायद्यात बसली आणि मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळाली. २८ रुपये भाड्यावर ४ टक्के काढून बघा.

आता 'विकलं' याबद्दल. सत्तर-ऐंशीच्या दशकात ऑपेरा हाऊसला हिऱ्यांचा बाजार फुगला. तिथल्या पंचरत्न इमारतीत ऑफिस असलेल्या माणसाला चालत जाण्याच्या अंतरावर घर हवं होतं आणि पैसा रोख होता. एका खोलीच्या पागडीत ठाणे, मुलुंड, डोंबिवलीला दोन खोल्यांचा मालकीचा ब्लॉक येत होता, संडास आत. कारकुनानं काय करायला हवं होतं? मराठी बाणा म्हणून तीन पिढ्या पोटमाळ्यावर? त्यानं मालकी विकली नाही, ती त्याची कधी नव्हतीच. त्यानं राहण्याचा हक्क दुसऱ्याला दिला आणि त्या पैशात आयुष्यात पहिल्यांदा मालक झाला. मला तर हा व्यवहार चोख वाटतो.

गंमत म्हणजे ज्या बाजारासाठी ती घरं गेली, त्यातला मोठा भाग २०१० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) निघून गेला.

---

आवळेजावळे

पागडीपुराण, चोख व्यवहार वगैरे ठीक आहे, पण जे राहिले त्यांचं काय? दर दसऱ्याला एक मराठी घर कमी आणि मंडळाची वर्गणी मागायला माणसं नाहीत. शेजारी आलेली माणसं वाईट नाहीत, पण मासे तळले की जिन्यात कुजबुज. भाड्यानं खोली देताना 'शाकाहारीच हवेत' अशा पाट्या मी माझ्याच गल्लीत वाचल्यात. व्यवहार चोख असेल, पण त्याचा हिशोब राहिलेल्यांनी चुकता केला.

---

पागडीपुराण

@आवळेजावळे, पाट्यांबद्दल शंभर टक्के सहमत, तो निव्वळ आगाऊपणा आहे. पण तो राग पाटी लावणाऱ्यावर काढा. डोंबिवलीला गेलेल्यावर नको.

---

मालकाचा नातू

बिचकत लिहितोय. इथे 'मालक' म्हटलं की सगळे खलनायकाचं पार्श्वसंगीत वाजवतात.

आमच्या पणजोबांनी चाळ बांधली, तळमजला अधिक तीन. बर्मा सागाचे वासे, लोखंडी तुळया, मंगलोरी कौलं. सगळं भाडं मिळून १९४० साली एका मोठ्या कुटुंबाचा संसार व्यवस्थित चालायचा. तेच भाडं १९८० साली वरच्या कौलांची शाकारणी करायलाही पुरेना. मेहताजी, म्हणजे आमचे भाडं वसूल करणारे कारकून, महिन्याच्या पाच तारखेला पावतीबुक घेऊन जायचे आणि त्यांचा पगार वजा जाता हातात राहायचं ते बघून माझे आजोबा हसायचे. दुरुस्ती कुठून करणार? भाडेकरू म्हणायचे, मालकानं करावी. मालक म्हणायचा, रिपेअर बोर्डानं करावी.

ते बोर्ड आलं १९६९ च्या कायद्यानं. तेव्हा शहरात १९,६४२ इमारती उपकराखाली घेतल्या होत्या. कल्पना अशी की भाडेकरूंकडून हा उपकर, म्हणजे सेस, घ्यायचा आणि त्यातून सरकारनं डागडुजी करायची. जमा होणारा पैसा आणि जुनी लाकडं यांचं गणित कधीच जुळलं नाही. आमच्या चाळीला बोर्डानं काय दिलं? टेकू. गॅलरीखाली लोखंडी टेकू आले ते तात्पुरते म्हणून, आणि त्यावर पुढे मुलांनी झोपाळे बांधले.

शेवटी आम्हीही बिल्डरला दिलं. मिळालेली रक्कम सात वारसांत वाटली गेली. एकाला गाडी आली, बाकीच्यांची कर्जं फिटली. दक्षिण मुंबईत चाळ होती म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही लंडनला राहत असणार. मी कल्याणला राहतो.

---

रेवा_कांदेवाडी

@मालकाचा नातू, टेकूवरचे झोपाळे! आमच्याकडे त्यावर पापड वाळत असायचे.

---

डोंबिवली पूर्व

वाचून संपलं तर लिहितो म्हणत होतो, पण प्रतिसाद थांबेचनात.

गिरगावकर डोंबिवलीत आले ते एकटे आले नाहीत. गणपती, वाचनालय, नाट्यस्पर्धा, व्याख्यानमाला, आणि कुठल्याही बैठकीत 'मुद्द्याचं बोला' म्हणणारा एक काका, हे सगळं घेऊन आले. उलट दिशेनंही एक गोष्ट गेली. गुढीपाडव्याची शोभायात्रा आज गिरगावात ढोल-ताशे, नऊवारी आणि बुलेटवरच्या मुली म्हणून टीव्हीवर झळकते. ती प्रथा १९९९ च्या सुमारास डोंबिवलीत सुरू झाली, आमच्या गणेश मंदिरापासून. गिरगावकर मान्य करणार नाहीत, पण कागदोपत्री आम्हीच पुढे.

पाडव्याला सकाळी सहाची लोकल पकडून अर्धी डोंबिवली फेटे सांभाळत गिरगावात जाते, हेही खरं.

---

ठाकूरद्वारकर

@डोंबिवली पूर्व, मान्य! आणि शोभायात्रेपेक्षा अनंत चतुर्दशी हा खरा गिरगावी दिवस, यावर तुमचाही आक्षेप नसावा.

@सारस्वत_सुरमई, खोताच्या वाडीवर स्वतंत्र धागा हवा म्हणून ती मुद्दाम सोडली होती. 'जपून म्हणावं' हे पटलं. खरं तर वाडी नावाची व्यवस्थाच अशी होती की शेजारच्या वाडीत कोण राहतं याची फार पंचाईत करावी लागायची नाही. तुमचं तोंड वेगळं, आमचं वेगळं. सलोखा म्हणतात तो पुष्कळदा असाच असतो.

---

सारस्वत_सुरमई

त्या शेवटच्या वाक्यावर दिवसभर वाद घालता येईल. घालत नाही, आज शुक्रवार, बाजारात जायचंय.

---

निकदवरीचा

अनंत चतुर्दशीचा विषय निघालाच आहे तर.

बाहेरून येणाऱ्याला दिसतो तो रस्ता: गुलाल, बेंजो, क्रेनवरचे कॅमेरे. आम्हाला दिसते गॅलरी. दुपारी तीनपासून पाहुणे यायला लागतात. आत्याचे सासरचे, ऑफिसातले, वर्षातून एकदाच तोंड दाखवणारे. प्रत्येकाला रस्त्याच्या बाजूची गॅलरी हवी. आमच्या गॅलरीखाली टेकू आहेत. त्यामुळे आमच्याकडे एक जण दारात उभा राहून माणसं मोजतो. वीसच्या वर गेली की जुन्यांना आत बोलावून चहा द्यायचा आणि नव्यांना बाहेर सोडायचं. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस जिन्यात चिकटवलेली, तिच्या बाजूलाच आंब्याच्या पानांचं तोरण. पाहुण्यांतली लहान मुलं ती नोटीस मोठ्यानं वाचतात आणि मोठी माणसं त्यांना दटावतात.

आमच्या गल्लीचा गिरगावचा राजा १९२८ पासूनचा. वीस फुटांहून उंच आणि तरीही शाडूचा. नुसती माती एवढी उंच उभी कशी राहते हे मंडपात रात्री जागून बघितल्याशिवाय कळत नाही. आतून लाकूड आणि गवताचा सांगाडा, वर मातीचे थर, आणि प्रत्येक थर सुकायची वाट. पावसाळी हवेत ते काम म्हणजे मूर्तिकाराच्या पोटात गोळा. उलट केशवजी नाईकांच्या चाळीचा गणपती अजून लहानच आहे, पालखीतून जातो. आमच्यात आणि त्यांच्यात कोण खरा गिरगावी यावर बोलायचं नाही असा अलिखित करार आहे.

---

पहाटवारा_सिडनी

वाचतोय. इथे रात्रीचे दोन वाजलेत आणि मला मिसळ हवी आहे.

---

नवा टॉवर जुना माणूस

मी टॉवरवाला. शिव्या द्यायच्या आधी ऐका.

आमची चाळ ३३(७) खाली गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासासाठी विकास नियंत्रण नियमावलीतलं हे कलम. भाडेकरूंना फुकट मालकीचं घर, बिल्डरला जादा चटईक्षेत्र विकायला. पूर्वी किमान २२५ चौरस फूट मिळायचे, आता ३०० आहेत, आणि ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. आमची खोली १६० ची होती, म्हणजे फायदाच. पण बाहेर भाड्यानं राहण्यात जी वर्षं गेली त्यात वडील गेले, आणि नव्या घराची किल्ली आईच्या हातात पडली तेव्हा तिला लिफ्टची भीती वाटत होती.

आता आठव्या मजल्यावर आहोत. हवा उत्तम, चौपाटीचा तुकडा दिसतो, संडास दोन (रेवाताई, कुलूप नाही). मग काय बदललं? देखभालखर्च. पूर्वी महिन्याला भाडं, सेस सगळं मिळून सव्वाशेच्या आत. आता सोसायटीचं बिल काही हजारांत. पेन्शनर माणसाला फुकट मिळालेलं घर परवडत नाही, हा विनोद आमच्या इमारतीत तीन घरांनी केला आणि तिन्ही घरं विकली गेली. 'मराठी माणसानं विकलं' यात हाही एक प्रकार धरा. यावेळी मालकी होती, म्हणून विकता आलं.

दुसरं म्हणजे वाडीचं तोंड गेलं. बिल्डरनं तिथे गेट आणि सुरक्षारक्षक बसवला. इस्त्रीवाला बाहेर फेकला गेला, तो आता समोरच्या फुटपाथवर. फळा मी स्वतः भांडून ठेवून घेतलाय, पार्किंगच्या खांबावर.

---

रेवा_कांदेवाडी

आईंना लिफ्टची सवय झाली का?

---

नवा टॉवर जुना माणूस

झाली. आता लिफ्टमनशी गप्पा मारायला दिवसातून दोनदा उगीचच खाली जाते.

---

आवळेजावळे

मेट्रोबद्दल कुणीच बोललं नाही. स्टेशनसाठी इथल्या आणि काळबादेवीच्या चाळी पाडायची पाळी आली तेव्हा काळे झेंडे, मोर्चे, सगळं झालं होतं. त्याच भागात पुनर्वसन करू असं ठरलं, आणि ९ ऑक्टोबर २०२५ ला गिरगाव स्टेशन सुरूही झालं. मी विरोध करणाऱ्यांत होतो. आता रोज त्यानंच जातो, वीस मिनिटांत बीकेसी. पण ज्यांच्या घरांवर ते उभं आहे त्यांना नव्या घरात नीट बसवेपर्यंत 'विकासाला विरोध करणारे' हा टोमणा कुणी मारू नये एवढंच.

---

ठाकूरद्वारकर

सगळ्यांचे आभार. मी पागडीपासून सुरुवात केली होती, पण रेवाताईंची पोटमाळ्यावरची वहिनी आणि टॉवरवाल्यांचं देखभाल बिल हे दोन मुद्दे माझ्या डोक्यात नव्हते. आता मला हे असं दिसतं: पहिली लाट जागा नाही म्हणून गेली, दुसरी पागडीला भाव आला म्हणून, आणि तिसरी मालक झाल्यावर परवडेना म्हणून. तिन्ही लाटांना 'विकलं' हा एकच शब्द लावणाऱ्यानं निदान मेहताजींचं पावतीबुक एकदा बघावं.

---

पहाटवारा_सिडनी

एक व्यावहारिक प्रश्न, विषयाला धरूनच. फणसवाडीतली आमची खोली अजून आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे पावती त्यांच्या नावानं फाटते. आजोबा वारून जमाना झाला. तिथे आता फक्त धाकटे काका राहतात. बिल्डर सह्या घेत फिरतोय. सही कुणी करायची?

---

पागडीपुराण

आधी सही करू नका, एवढं पहिलं. भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. सगळे वारस सारखे, असा मालकीसारखा प्रकार इथे नाही, आणि त्यावरूनच सख्खे भाऊ कोर्टात जातात. काका तेव्हा तिथे राहत होते याचा कागद शोधा: जुनं रेशनकार्ड, मतदारयादी, विजेचं बिल. मालकाकडून पावती काकांच्या नावावर करून घ्या आणि मगच संमतीपत्राकडे बघा. आणि गिरगावातलाच एखादा वकील गाठा, या भागातल्या जुन्या पावत्या रोज हाताळणारा.

---

मालकाचा नातू

आणि पावती बदलायला मालकाकडे जाताना मिठाई नेऊ नका. आम्हाला वाटतं काहीतरी गडबड आहे.